दाराकडे पाहणारा राक्षस

प्रिय चिमणे,

तू शाळेत होतीस, तेव्हा माझ्या जेवणाच्या टेबलावर आपण आपल्या फाशांच्या खेळातला पहिला राक्षस कागदावर रचला, आठवतं? तू त्याला इतके जीवगुण दिलेस, म्हणजे मरायच्या आधी इतके घाव सोसायची ताकद, की आपले सगळे वीर पहिल्याच खोलीत गारद झाले आणि तू रडवेली झालीस. मग मी खोडरबर घेऊन त्याचा जीव कमी केला, चिलखत पातळ केलं आणि वर एक खोड घातली: गुदगुल्या केल्या की तलवार टाकतो. तू हसून हसून खुर्चीवरून पडलीस. राक्षसाला एक तरी कच्चा दुवा हवा, नाहीतर खेळायला कोण बसेल, असं मी तुला म्हणाले होते. मला शाळेत शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी राक्षसाचे असे लाड ऐकले असते, तर मला या वयातही गुडघ्यांवर बसवलं असतं.

गेल्या रविवारी तू आणलेला राक्षस मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला नखं नाहीत, गर्जना नाही. आधी मऊ आवाजात हाक मारतो. कुणी पायात चपला घातल्या, की त्याची ताकद दुप्पट होते. घाव घातल्यावर मलमही स्वतःच लावतो. शेजारच्या नर्सबाई फासे टाकून टाकून वैतागल्या. अगं, कमी कर की याचा जीव, आम्ही काय तुझं घोडं मारलंय, म्हणाल्या. तू जीव निम्मा केलास, तरी आम्ही मेलोच. हा सारखा दाराकडे का बघतो, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तू फासे गोळा करत म्हणालीस, त्याला कुणी गेलेलं आवडत नाही.

तेवढ्यात जावईबापू तुला न्यायला आले. उंबऱ्यातूनच, अगदी मऊ आवाजात, निघायचं ना, म्हणाले. चपलेकडे गेलेला तुझा पाय थांबला आणि तू आधी त्यांच्याकडे पाहिलंस. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तुझ्या मनगटाला काय झालं, हे मी तुला विचारलं आणि उत्तर त्यांनी दिलं: पट्टी मीच बांधली, हिला कुठे जमतं.

तेव्हापासून मी तो राक्षस पुन्हा पुन्हा मांडून पाहतेय. त्याचा जीव कमी करून उपयोग नाही, बाळा. त्याच्याशी लढायचंच नाही. तो बघत नसताना दार उघडायचं. म्हणून तो (आता मी त्याला अहो-जाहो करणार नाही) मंगळवारी कामावर गेला, की निघ. बॅग भरू नकोस. कचरा टाकायला निघाल्यासारखी घरातल्याच सपातांवर खाली ये. कोपऱ्यावर नर्सबाई गाडीत असतील. तुझा फोन तो उघडतो, पण आपला खेळ त्याला पोरखेळ वाटतो. म्हणून हे पत्र फाशांच्या डबीत, तळाशी. तू डबी विसरलीस, असं सांगून नर्सबाई ती आणून देतील.

पत्राखालची किल्ली माझ्या मागच्या दाराची, ती तुझी. तुझे दाखले हाताशी असतील तर नर्सबाईंना दे, नसतील तर राहू देत. फोन त्याच्यासाठी टेबलावरच ठेव, वाजू दे. पत्र भिजवून मोरीत सोड. फासे मात्र कुणालाही द्यायचे नाहीत. ते माझे आहेत, आणि तू स्वतः येऊन माझ्या हातात द्यायचे आहेत.

दार लोटून बसलेली, तुझीच
मावशी