ब्रिजखालची पेन्सिलची खूण

आप्पा,

काल तुम्ही बनवलेला बेस मंगळवार पेठेतल्या एका कारागिराकडं घेऊन गेलो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून ती चार जाड तारांची गिटार पोत्यात गुंडाळून पडली होती. कारागीर तिशीतला आहे, हात चांगला आहे, बोलतो कमी. त्यानं खालचा ब्रिज उघडला, तारा ज्याच्यावर टेकतात तो पितळी तुकडा तुम्हाला आठवत असेलच. मापं घेतली आणि मला एक प्रश्न विचारला. त्याला मी जे उत्तर दिलं, त्यासाठी हे लिहायला बसलोय. पण ते शेवटी सांगतो. आधीचं सगळं सांगितल्याशिवाय ते उत्तर किती वाईट होतं ते कळायचं नाही, आणि तुम्हाला अर्धं काम दाखवलेलं कधी चाललं नाही.

नव्वद-पंच्याण्णवचा सुमार. मी दिवसा रेडिओ-टेपच्या दुकानात सोल्डरिंगचे डाग द्यायचो आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो, तोही ऑर्केस्ट्राच्या मालकाचा, मागून आणलेला. आख्ख्या कोल्हापुरात आम्ही बेसवाले असू पाच-सहा जण, पण मतं पन्नास. एक म्हणायचा लाकूड जड पाहिजे, हलक्या लाकडाचा आवाज फुसका. दुसरा म्हणायचा लाकडाचं काय नसतं, सगळा खेळ तारांचा. तिसऱ्यानं तर आठ वर्षं तारा बदलल्या नव्हत्या आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! बाहेरच्या देशातला बेस कुणीतरी एकदा मुंबईहून आणला होता, तर तो बघायला आम्ही मुलगी बघायला जावं तसे इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं, ते म्हणजे स्टेजवरची रीत. दुसऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाला हात लावायचा नाही. गायक बोलत असताना मागं तारा छेडत बसायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वाद्याला लोकांसमोर दोष द्यायचा नाही. आमच्यातला सगळ्यात जुना बेसवाला सांगायचा, "सूर गेला तर मान खाली घालून वाजव. वाद्याला शिव्या घालणारा वाजवणारा न्हाय." ही रीत मी एकदाच मोडली.

जुन्या तारा उकळल्या की त्यांचा आवाज परत मोकळा होतो, हे मी त्या मंडळींकडूनच ऐकलेलं. म्हणून एका रविवारी सकाळी आईची पितळी तपेली घेतली आणि तारा सोडा घालून उकळत ठेवल्या. तुम्ही अंघोळ करून स्वयंपाकघरात येता, झाकण उचलता आणि बघतच राहता. "हे काय शिजतंय गा?" आई मागनं ओरडतेय, "शिजतंय कुठलं, माझी दुधाची तपेली बाटवली त्यानं! आता ह्यात काय तापवू मी?" तुम्ही हसलात नाही. चिमट्यानं एक तार बाहेर काढलीत, पुसलीत, खिशातला मायक्रोमीटर लावून जाडी बघितलीत, आणि विचारलंत, "हे वाद्य कुणाचं म्हणालास?" मी म्हटलं, मालकाचं. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या हत्यारावर किती दिवस काम करणार? कागद आण. त्याच्याभवती पेन्सिल फिरव आणि दे मला."

तुम्ही फाउंड्रीत पॅटर्न मेस्त्री. जी वस्तू लोखंडात ओतायची ती आधी लाकडात हुबेहूब बनवायची, हे तुमचं काम. सातवीत असताना मी तुमची पोलादी पट्टी दप्तरात घालून भूमितीच्या तासाला नेली होती. माझी सगळी मापं चुकली, सरांनी हातावर छडी दिली. घरी येऊन रडलो, तर तुम्ही मलाच फटका दिलात. "गाढवा, ती श्रिंकेजची पट्टी हाय. लोखंड गार होताना आक्रसतं, म्हणून आमचा इंच मोठा असतो. लोखंड गार झाल्यावर ही पट्टी खरी ठरती. परत हात लावू नगंस." वर्षानुवर्षं त्या पट्टीशिवाय तुम्ही दुसरं माप वापरलं नाही. घरातलं फडताळसुद्धा तिच्यावरच मोजून केलेलं. मला हे सगळं माहीत होतं, आप्पा. हे आधीच लिहून ठेवतो.

चार महिने तुम्ही बेसवर खपलात. अंग सागवानाचं, मान शिसवीची. मानेवर सूर ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, कुठं बसवायच्या त्याचे इंचातले आकडे मी एका वाद्यांच्या दुकानातून लिहून आणले होते, ते बघून तुम्ही एकेक रेघ पाडलीत. आईनं ती तपेली परत काही चुलीवर चढवली नव्हती. ती वितळवून तुम्ही ब्रिज ओतून आणलात. एकसंध पितळ, पुढं-मागं सरकणारा स्क्रू वगैरे काही नाही. मी कुरकुरलो, तर म्हणालात, "बरोबर जागी बसवलं की सरकवायचं कशाला?" ब्रिजच्या जागेवर पेन्सिलनं खूण करून ठेवली होतीत आणि बजावलं होतंत, "ब्रिज मी बसवीन. तू हात लावू नगंस."

पण फाउंड्रीत कामाची घाई होती, तुम्ही तीन दिवस उशिरा घरी येत होता, आणि खंडेनवमीला तुमच्याच फाउंड्रीत आमचा कार्यक्रम ठरलेला. मला त्याआधी तालीम करायची होती. मी दुकानातली मोजायची टेप आणली आणि लिहून आणलेल्या आकड्याप्रमाणे तारेच्या वरच्या टोकापासून चौतीस इंच मोजले. तुमची पेन्सिलची खूण करंगळीच्या रुंदीएवढी खाली निघाली. त्याच महिन्यात तुम्हाला जाड चष्मा लागला होता. मला वाटलं, आप्पांची नजर गेली. तुम्हाला न विचारता मी टेपच्या मापावर भोकं पाडली आणि स्क्रू पिळून ब्रिज बसवून टाकला. तुम्ही घरी आल्यावर विचारलंत, "माझ्या खुणेवरच बसवलास न्हवं?" मी म्हटलं, "व्हय की." वाद घालायचा कंटाळा आला होता, एवढंच. ब्रिजखाली खूण झाकली गेली होती.

खंडेनवमीची दुपार. वर्कशॉप झाडून धुतलंय, मशीनना झेंडूच्या माळा, बाकांवर कामगार आणि त्यांची बायकापोरं. तुम्ही पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, शेजारच्याला सांगताय की ते वाजवतंय ते माझं काम. खालच्या सुरांवर सगळं ठीक होतं. जसजसा हात वर जायला लागला तसतसा सूर चढायला लागला. गायकानं मागं वळून डोळे वटारले, की-बोर्डवाल्यानं कपाळाला हात लावला. समोरच्या लोकांना, खरं सांगायचं तर, काहीच कळलं नव्हतं. पण माझी लाज मला आवरली नाही. गाणं संपल्यावर मी माइक ओढला आणि म्हटलं, "माफ करा मंडळी, बेस घरचा हाय. आमच्या आप्पांनी पंपाचा पॅटर्न समजून बनवलाय!"

आख्खं शॉप हसलं. कुणीतरी मागनं ओरडलं, "मेस्त्री, पट्टी वाकडी झाली काय?" तुम्हीही हसलात. मग चष्मा काढून पुसत बसलात, कितीतरी वेळ.

मध्यंतरात मी प्रसाद घ्यायला पूजेपाशी गेलो. पाटावर सगळी हत्यारं मांडली होती. रंधा, पटाशी, कॅलिपर, आणि मधोमध तुमची पट्टी, हळदकुंकू लावलेली. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो आणि सातवीतली छडी आठवली. तुमच्या फ्रेट तुमच्या इंचात होत्या. तुमची खूणही तुमच्याच इंचात होती. सगळं एकमेकाला धरून, तंतोतंत. फक्त ब्रिज माझ्या इंचात होता. माइक दहा पावलांवर होता, आप्पा. तुम्ही समोर बसला होता. मी केळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि परत स्टेजवर जाऊन उरलेली गाणी खालच्या सुरांत वाजवली.

दुसऱ्या दिवशी दसरा. जेवताना तुम्ही म्हणालात, "आण की ते घरी. मोजून बघतो, कुठं चुकलं." मी सांगितलं, ऑर्केस्ट्राच्या सामानात दुसऱ्या गावाला गेलंय. पुढच्या वेळी सांगितलं, मान तुटली. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाही. बेस तेव्हा पोत्यात गुंडाळून आमच्या ड्रमवाल्याच्या खाटेखाली होता, आपल्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. तुम्ही मोजला असतात तर एका मिनिटात तुम्हाला कळलं असतं, म्हणून तर आणला नाही.

महिन्याभरात तुम्ही फाउंड्रीच्या मालकांना सांगून पॅटर्न शॉप सोडलंत. "नजर चुकाय लागली," म्हणालात. "उद्या माझ्या मापानं आख्खं ओतकाम वाया गेलं तर?" मालकांनी पुष्कळ समजावलं. तुम्ही फेटलिंगला गेलात, ओतलेल्या मालाच्या कडा घासायच्या तिथं. त्या कामात मोजायचं काही नसतं. धूळ मात्र असते. घरी यायचात तेव्हा पापण्या पांढऱ्या असायच्या. पाच वर्षांनी खोकला लागला तो थांबलाच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला, मला त्यातलं काही समजलं नाही, पण धूळ म्हणाले तेव्हा मी खाली बघितलं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकदा हात वर धरून बोटं बघत होता. म्हणालात, "थरथरत तर न्हाय. मग त्यावेळी कसं काय चुकलं असंल?" तेव्हाही मी तुमच्या खाटेच्या कडेला बसून मोसंबं सोलत होतो. सोललं आणि तुमच्या हातात दिलं.

तर काल. त्या कारागिरानं ब्रिज काढला, खालची धूळ फुंकली, आणि तुमची रेघ निघाली. बारीक, काटकोनात, काल ओढल्यासारखी. त्यानं मोजलं, परत मोजलं आणि म्हणाला, "फ्रेट एकदम करेक्ट हायत वो. ह्या खुणेवर ब्रिज बसवला असता तर काय बिशाद होती सूर हलायची. असलं काम आता कोण करत न्हाय." मग त्यानं विचारलं, "पर ब्रिज कुणी बसवला हा?"

मी म्हटलं, "वडिलांनी."

तो म्हणाला, "वय झालं की हुतंय असं." मी मान डोलावली.

त्यानं माझ्यासमोर तुमच्या खुणेवर ब्रिज बसवला. मी वाजवून बघितलं, खालपासून वरपर्यंत. कुठंही चढत नाही. एवढा खरा वाजणारा बेस मी आयुष्यात हातात धरलेला नाही, आणि मतं तर आता माझीही पन्नास आहेत. तो कोपऱ्यात उभा केलाय. आईनं आज सकाळी त्याच्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याच्यापासनंच त्यांचा हात गेला बघ."

तुम्हाला सांगून आता उपयोग नाही. तिला सांगून आहे, आणि ती इथंच आहे, पलीकडच्या खोलीत पाठ टेकून पडलीय. हे लिहून झालं की मी फाडून टाकणार आहे. आईला वाचता येतं.