शाळेत बसलेल्या पोराचा वाटा

माय,

त्या सकाळी तू मागच्या दारी पाटावर बसून पेडवे मासे साफ करत होतीस आणि मी उंबऱ्यावर बसून इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होते. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून मी नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. तू शिकवायचीस त्या वाडीच्या शाळेला अजून सुट्टी लागायची होती. धड्यातलं तुला फारसं कळत नव्हतं, तरी मी थांबले की तू मान वर करायचीस, म्हणजे पुढे वाच. तेवढ्यात किनाऱ्यावरून आरोळी आली, रापण लागली. तू हात धुतलेस, पदर खोचलास आणि शाळेची घंटा घेऊन निघालीस. मी विचारलं, "माय, आता शाळेत कोण येतला?" तू म्हणालीस, "बघूया."

तुला आठवत असेल, रापण लागली की वाडी रिकामी व्हायची. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं आणि दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढत आणायच्या, त्याला माणसं लागायची. जो दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, मग ते केवढंसं पोर का असेना. त्यामुळे तुझी पोरं पाट्या टाकून दोरीला लटकायची. आधीच्या गुरुजींनी छडी घेऊन किनाऱ्यावर फेऱ्या मारल्या होत्या, आणि पोरं पाण्यात उतरून त्यांना वाकुल्या दाखवायची. तू त्या दिवशी पोरांकडे गेलीच नाहीस. तू थेट रापणीच्या म्होरक्याकडे, तांडेलाकडे गेलीस. मी तुझ्या मागे उभी होते, बोर्डिंगचे बूट वाळूत रुतत होते.

"बाईनू," तांडेल म्हणाला, "जो ओढता तेका वाटो. जो ओढणा नाय तेका कसो देवचो?"

तू खाली वाळूत बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बोट केलंस. त्यांच्याने आता दोरी ओढवत नव्हती, पण वाटा त्यांना मिळायचा, ती रापणीची रीतच होती. तू म्हणालीस, "ह्यांका तुमी मागल्या ओढीचो वाटो देतास. ह्या पोरांका फुडल्या ओढीचो देवा."

माणसं हसली. तांडेल हसला नाही. त्या दिवसापासून आपल्या वाडीत शाळेत बसलेल्या पोराचा वाटा निघू लागला. पुढच्या रापणीला काय झालं ते आठवून मी आजही एकटी हसते. घराघरातून बायकांनी दोन-दोन वर्षांची पोरं पाटी देऊन शाळेत धाडली. एक तर नागडं होतं आणि पाटी चाटत होतं. तांडेल दारात येऊन म्हणाला, "बाईनू, आता माझी म्हातारी आवस पण पाटी मागता. तिचा पण नाव घाला." तू म्हणालीस, "धाडा. पयल्या रांगेत बसांदे." एकालाही तू परत पाठवलं नाहीस. रात्री जेवताना मी नाक मुरडून म्हटलं की ही सगळी मासळीपायी येतात. तू ताटावरून मान न उचलता म्हणालीस, "मासळेपायी येऊंदेत. येतत मां? फुडचा माझा काम." एवढंच. पण तुझा तो आवाज मला शिक्षा झाल्यासारखा वाटला होता.

मीही पुढे शिक्षिका झाले, तालुक्याच्या गावी, चांगल्या इमारतीत. निवृत्त झाल्यावर आपल्या घरी राहायला आले तेव्हा तुझी शाळा तिथेच होती, पण आपल्या वाडीतली पोरं तिथे नव्हती. ती सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेला जातात. तुझ्या शाळेत आता वरच्या कातळपठारावरच्या, सड्यावरच्या चिऱ्यांच्या खाणीवरची पोरं बसतात. बसायची, असं लिहायला हवं. त्यांचे आईबाप विजापूरकडून येतात, दिवाळीच्या सुमाराला खाणी सुरू झाल्या की, आणि पाऊस लागला की परत जातात. मी रोज तासभर त्यांना शिकवायला जाऊ लागले. त्यांच्यात एक मुलगी होती, आठेक वर्षांची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. मालवणी माझ्या पुण्यातल्या नातवंडांपेक्षा चांगली बोलायची. "आजये," ती मला विचारायची, "पावसात समुद्र भरान सांडना नाय काय गो?" पावसातला समुद्र तिने पाहिलाच नव्हता. ती यायची ती पाऊस संपल्यावर, आणि जायची तो सुरू व्हायच्या आधी.

तेच तर सगळं दुखणं होतं, माय. शाळेचा पट मोजतात तो पावसाळ्याच्या शेवटी. तेव्हा ही पोरं इथे नसतात. आणि गावी त्यांची नावं असली तरी वर्षाचे बाकीचे महिने ती तिथे नसतात. म्हणजे खिचडीच्या तांदळात, पुस्तकांत, डॉक्टरच्या तपासणीत, कुठेच ती धरलेली नसतात. कागदावर आपली शाळा जवळजवळ रिकामी होती आणि प्रत्यक्षात मला पाय ठेवायला जागा नसायची.

मुलांसाठी काम करणाऱ्या काही लोकांनी मला दिल्लीला नेलं. देशभरातल्या मुलांसाठी धोरण ठरत होतं आणि त्याआधी आमच्यासारख्यांचं ऐकून घेणार होते. मी विमानात पहिल्यांदाच एकटी बसले. मोठा हॉल होता, प्रत्येकापुढे माइक. मी मांडलं ते इतकंच, की मूल ज्या दिवशी जिथे असेल तिथे त्याची शाळा असावी, तिथेच त्याचं जेवण आणि तिथलाच दवाखाना, आणि मोजायचं ते ती पोरं येतात तेव्हा. मी तुझ्या रापणीबद्दलही सांगितलं. लोक कौतुकाने हसले. मग एका अधिकाऱ्यांनी, फार सभ्य गृहस्थ होते, मला विचारलं, "मॅडम, पण ही मुलं नेमकी कोणाची धरायची? कुठल्या राज्याची?" मी म्हटलं, दोन्ही राज्यांनी मिळून ठरवावं. सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत, नीट, थँक यू म्हणून खाली बसले. तू काय म्हणाली असतीस ते परतीच्या वाटेवर मला सुचत राहिलं.

काही महिन्यांनी त्या धोरणाचा मसुदा आला. स्थलांतर करणाऱ्या मुलांबद्दल त्यात एक वाक्य होतं. आमचं बोलणं त्यात जवळजवळ सगळं होतं. फक्त शेवटी जोडलं होतं, 'शक्य असेल तिथे'.

मी तेवढ्यावरही आशा धरली. त्या मुलीच्या आईवडिलांना मी म्हटलं, यंदा पावसात गावी जाऊ नका, आमच्या मांगरात राहा. गुरं गेली तेव्हापासून तो रिकामाच आहे. भातलावणीला माणसं मिळत नाहीत, तुम्हाला इथेच काम मिळेल आणि मुलं पटावर येतील. दोघं कबूल झाली. आई तर मांगर सारवूनही गेली. आणि एप्रिलमध्ये हुकूम आला की आपली शाळा महामार्गापलीकडच्या शाळेला जोडली.

मी ग्रामसभेत उभी राहिले. म्हटलं, पिवळी गाडी सड्याखालूनच जाते, खाणीवरच्या पोरांना वाटेत घ्या, महामार्ग ओलांडून चालत ती कशी जातील? कोणी वाईट बोललं नाही. एवढंच म्हणाले, "बाईनू, ती पोरां आपली खंय? आज हत, उद्या नाय." मागून कोणीतरी म्हणालं, "दिल्लीक सांगून इलास मां? आता दिल्लीच गाडी धाडतली." सगळे हसले. त्यातले अर्धे तुझ्या शाळेतल्या पोरांची पोरं होती, माय. तुझ्या वाट्यावर वाढलेल्यांची.

मुलीचा बाप मला सांगायला आला. टोपी हातात घेऊन अंगणात उभा राहिला. "बाई, शाळाच नाही तर थांबून काय करू?" मुलगी फाटकापाशी भावाला घेऊन उभी होती, आत आली नाही. पाऊस संपल्यावर मी खाणीवर गेले. मुकादम म्हणाला, ते लोक यंदा इन्सुलीकडच्या खाणीवर उतरलेत म्हणे, नक्की माहीत नाही. मुलगी दिसली होती का म्हणून विचारलं तर म्हणाला, "चिरे मोजूक बसवतत तिका. हुशार आसा." मी घरी येऊन त्या दिवशी जेवले नाही.

तुझी शाळा आता फक्त मतदानाला उघडतात.

या वयात निरवानिरव करून ठेवावी म्हणून लिहिते. हे माझ्या मुलाच्या हाती लागेल तेव्हा त्याने एवढं करावं. मांगराला कुलूप लावू नये. पावसात राहू म्हणणारं खाणीवरचं जे कुटुंब येईल त्याला तो द्यावा, भाडं न घेता. शिलाईचं मशीन शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला द्यावं. शाळेबरोबर तिचंही काम गेलं, त्याची चौकशी कोणी केली नाही. जपमाळ सुनेला. इंग्रजी पुस्तकं महामार्गापलीकडच्या शाळेला.

आणि कपाटात वरच्या खणात एक रेनकोट आहे, लाल, टोपीवाला, घडी न मोडलेला. ती पावसात राहणार म्हणून मी मार्चमध्येच मालवणच्या बाजारातून आणला होता, आपल्याकडे घेतात तसा वाढत्या मापाचा, दोन पावसाळे पुरेल असा. इन्सुलीकडे चौकशी करावी. ती नाही सापडली तर ज्या मुलीच्या अंगाला होईल तिला द्यावा, ती कुठून आली हे विचारू नये.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, माय. रेनकोट बांधून देताना दुकानदाराने विचारलं होतं, "कोणाक गो हो?" मी म्हटलं, "माझ्या नातीक."