घरात आहे ते

पलूस, ३ ऑक्टोबर १९४५

आजही पत्र नाही! मानसिंग सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला त्याला साडेतीन वर्षं झाली. लढाई संपली, कैदी सुटले म्हणतात — पण माझ्या पोराचा एक शब्द नाही. रोज दहाला फाट्यावर जाऊन बसतो. टपालवाला सिद्धू हल्ली मला लांबून बघितलं की सायकल आडवाटेला घालतो. माझ्याच हाताखाली शिकलेला!

४ ऑक्टोबर

आज एक चमत्कारिक प्रकार बघितला. वडूजकडच्या ज्योतिबा धनगराची मेंढरं खतासाठी आपल्या पडीक रानात बसवली आहेत. भरदिवसा ओढ्यातून लांडगा आला आणि कोकरू उचललं. मी काठी घेऊन ओरडत त्याच्यामागे! ज्योतिबा मात्र जागचा हलला नाही. लांडग्याकडे पाठ, कळपाकडे तोंड.

मी चिडलो. भेकड म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, लांडगा एकटा येत न्हाई. एकामागं मी पळालो की दुसरा येतोय. मग ही दोनशे कुणी बगायची?"

५ ऑक्टोबर

त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. माझा मुलगा काही कोकरू नव्हे. तो येणार आहे! पण इथे मागे काय राहिलंय, ते मी कधी बघितलं? पत्नी जाऊन दहा वर्षं झाली. घरात मी आणि सूनबाई बनू — दोघंच.

मास्तरकी अंगात मुरलेली, म्हणून स्वतःलाच गृहपाठ दिला. रोज घरातली एक न पाहिलेली गोष्ट बघायची. बघू तरी काय होतं.

६ ऑक्टोबर

बनूच्या केसांत पांढरे. चार-पाच तरी. वय चोवीस! वाट बघणारा मी एकटाच, असं धरून चाललो होतो.

७ ऑक्टोबर

काही दिसलं नाही. मास्तर गैरहजर.

९ ऑक्टोबर

बनू चूल पेटवताना रद्दीचा प्रत्येक कागद उलगडून बघते, मग जाळते. का? तिला तर अक्षर येत नाही. दोन दिवस नुसता बघत राहिलो, आज विचारलं. हातातला कागद तिनं चुलीत सारला. मग म्हणाली, "मामंजी, त्यांचं पत्र चुकून जळू नये म्हून बगते. त्यांची पत्रं तुमीच वाचायचा. त्यात माज्यापुरतं काय हाय, त्ये मला कवा कळलंच न्हाई."

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मानसिंग तिच्यासाठी दोन-चार ओळी लिहायचा. सासऱ्यानं त्या मोठ्यानं कशा वाचायच्या? मी गाळायचो. 'सर्वांना नमस्कार' म्हणून पत्र घडी करायचो.

१० ऑक्टोबर

पाटी काढली. तीस वर्षं गावची पोरं शिकवली, स्वयंपाकघरात विद्यार्थीण बसलीय हे दिसलं नाही!

१८ ऑक्टोबर

पोरगी भलतीच हुशार. फक्त 'मा' आला की तोंड मिटतं. नवऱ्याचं नाव चुकून निघायचं! शेवटी 'माठ' म्हणायला तयार झाली.

आज अकराच्या सुमाराला सिद्धू दारात. घाबरलेला. मास्तर आजारी पडले की काय, म्हणून बघायला आला. फाट्यावर जायचं मी विसरलो होतो! जेवणही दोन भाकरी जास्त गेलं.

२ नोव्हेंबर

मानसिंगची सगळी जुनी पत्रं बनूच्या हवाली केली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचते.

४ नोव्हेंबर

माझ्याशी बोलत नाही. गाळलेल्या ओळींपर्यंत पोचली असणार. बरोबर आहे तिचं.

१९ नोव्हेंबर

पत्र आलं! लष्करी इस्पितळातून. अक्षर मानसिंगचं नव्हतं — पुढे वाचवेना. तसंच बनूच्या हातात दिलं. तिनं सावकाश वाचलं. उजवा हात मनगटापासून गेला आहे, म्हणून शेजारच्या खाटेवरच्याकडून लिहून घेतो आहे. पौषात घरी येईन.

मी आपला हात, हात करत बसलो. ती म्हणाली, "येत्यात न्हवं?"

२० नोव्हेंबर

उत्तर बनूनं लिहिलं. दुपारभर लिहीत होती. मला एकच विचारलं — 'अक्षर माजंच हाय', ह्ये कसं लिवायचं? सांगितलं. मग पाकीट चिकटवून माझ्या हाती दिलं. मला एक ओळही वाचायला मिळाली नाही.