गुणाचं बाळ

आई, तुझ्या नातीला मुलगा झाला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तू असतीस तर पहिलं काय विचारलं असतंस ते मला ठाऊक आहे, रंग कुणाचा घेतलाय. मी मात्र पहिलं त्याचं पोट बघितलं, श्वासाबरोबर कसं वरखाली होतंय ते.

ग्रुप बी स्ट्रेप नावाचा एक जंतू असतो. बाईच्या अंगात मुकाट राहतो, तिला त्रासही देत नाही. पण जन्मताना बाळाला लागला तर कधीकधी जिवावर बेततं. लेकीच्या शेवटच्या महिन्यातल्या तपासणीत तो निघाला. कळा सुरू झाल्या की शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं ठरलं होतं. पण पोरगी तुझ्यावर गेलेली, घाईची. औषधाला पुरता वेळ मिळायच्या आतच बाळ बाहेर! डॉक्टर म्हणाल्या, "इथेच ठेवू, लक्ष ठेवायला हवं."

विहीणबाईंना ते पटेना. "अहो, पाचवी घरीच पुजायला हवी ना. बाळ ठणठणीत आहे, उगाच कशाला?"

पाचवी म्हटलं की मला घाटकोपरची आपली खोली दिसते. प्रसूतिगृहातून नुकताच आणलेला माझा भाऊ तुझ्या मांडीवर आहे. तो दूध ओढत नाही, रडत नाही, नुसता निजतो. तू शेजारणीला कौतुकाने सांगतेस, "कसो गुणाचो झील माझो, आवाज म्हणान नाय!" पाचवीआधी बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, म्हणून त्याला दवाखान्यात कुणी नेलं नाही. पाचवीआधीच तो गेला. कशाने, ते कळलंच नाही. तोच जंतू होता असं मीही म्हणत नाही. पण तुझ्यावर मी मनातून कायम राग धरला.

विहीणबाईंना मी सांगितलं, "पाचवी मागाहून पुजू. बाळ इथून हलणार नाही." त्या फुगून बसल्या. बसू देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाने दूध सोडलं. निपचित पडून राहिलं आणि श्वास सोडताना बारीक कण्हायला लागलं. मी सिस्टरना अक्षरशः ओढून आणलं. लगेच रक्त तपासायला गेलं, औषध सुरू झालं, बाळ काचेच्या पेटीत गेलं. आता ते मुलुंडला घरी आलंय आणि दुधाला जरा उशीर झाला की सगळी सोसायटी डोक्यावर घेतं. त्याला कुणी गप्प करायला आलं तर मी भांडते.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. त्या दुपारी सिस्टरना हाक मारायच्या आधी मी क्षणभर त्याच्याकडे नुसती बघत बसले होते, आणि मनात आलं होतं, किती गुणाचं बाळ आहे.