बेंजोच्या कळा

शारजा, जानेवारी १९६७

प्रिय हारुन,

सलाम. तुझं पत्र पोचलं. घरात बाई हवी, निकाहाला हो म्हण, असं दीड ओळीत उरकलंस! मागणी घालतोयस की बाजारात बकरी बघतोयस? थांब जरा. आधी माझी फजिती ऐक.

आमचा लियाकत तेलकंपनीच्या अमेरिकन साहेबाकडे खानसामा आहे ना, तो परवा म्हणाला, अम्मा, साहेबानं बेंजोची तबकडी आणलीय. चिरता कांदा तसाच टाकून निघाले मी. मला वाटलं, तुझ्याकडे आहे तसाच बेंजो. मांडीवर आडवा, टाइपरायटरसारख्या कळा. तर पाकिटावर पाच गोरे टोपीवाले, आणि एकाच्या गळ्यात लांब दांड्याची डफली! म्हटलं साहेब, फसवलं तुम्हाला, ह्याला कळाच नाहीत. मेमसाब हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

पण सुई टेकली आणि माझे डोळे आपोआप मिटले. टोपलीतल्या सुपाऱ्या सांडाव्यात तसे सूर. मेमसाबनं मोडक्या हिंदीत सांगितलं, अर्धी गाणी ह्यांच्या डोंगरातल्या आज्यांची, अर्धी ह्यांनी आत्ता बांधलेली. मला मेलीला जुनं कुठलं, नवं कुठलं, कळेचना. मला दिसत होती आपल्या गावातल्या हव्वाबीची हळद. तू वाजवत होतास आणि मी गाताना मुद्दाम ओळ चुकवली, तू मान वर करावीस म्हणून. केलीस की! मग माझं मोहिद्दीनशी ठरलं आणि तू बेंजो पेटीत घातलास. मोहिद्दीन भला माणूस होता, त्याला काही बोलायचं नाही. फक्त कधी गुणगुणायचा नाही.

येताना इथल्या रोल्ला मैदानातल्या वडाला ईदचे झोके तसेच लटकत होते. आजूबाजूला कुणी नाही बघून बसले. ह्या वयात! पाय वाळूवरून सुटले आणि समुद्र कधी जवळ, कधी लांब. तिकडचा की इकडचा, कोण जाणे.

आता उत्तर. नुसती बाई हवी तर मोलकरीण ठेव. मी यायची तर बेंजोच्या तारा बदलून ठेव. फेब्रुवारीच्या आगबोटीचं तिकीट काढायला लियाकतला सांगितलंय. आधी लाजला, मग गेला. आपले मास्तर म्हणायचे आठवतं, 'च' लावला की वाक्याला माघार नाही? आजवर पत्राखाली मी नुसतं नाव लिहिलं. आज चष्मा लावून बघ.

तुझीच,
बदरू