टर्बोचं मिनिट

मंगळवार, दिवेलागण

परळीचं भाडं सोडून आलो. नवी गाडी चढाला लई ओढते. इंजिन छोटं, पण टर्बो धुराच्या जोरावर फिरतो आणि आत जास्तीची हवा कोंबतो. तापतोही तसाच. म्हणून दारात आल्यावर, तेल फिरून तो गार व्हावा यासाठी, मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसावं लागतं.

बापाला हे कसं पटावं? अण्णांची हयात जुन्या जीपवर गेली. थांबली की चावी बंद. "दारात येऊन बी उतरत न्हाईस कावून?" रोज तेच. मला वाटायचं, डिझेल जळतं म्हणून चिडतात.

आज स्वतःच शेजारच्या सीटवर येऊन बसले. मी टर्बोचं सांगितलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला घरात यायचं जिवावर येतंय."

आणि मी डिझेलचं धरून बसलो होतो.

मिनिट झालं. मी चावीला हात लावला.

"होऊ दे गार नीट," अण्णा म्हणाले.