‘हाय’ आणि ‘नाय’ या चुका माझ्या नावावर लावण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी साहेब,
खाडीबांध देखरेख कार्यालय,
रोहा, जि. रायगड

विषय : माझी सून श्रीमती पुतळी जनू घरत, लिपिक, हिला कामावरून न काढता टंकलेखन चाचणीस पुन्हा एकदा बसू देणेबाबत.

संदर्भ : तिला काढून टाकण्याचे आपले पत्र.

सोबत : चाचणीचा कागद, लाल खुणांसह.

महोदय,

मी धोंडुबाई काळुराम घरत, राहणार कासू, तालुका पेण. शिक्षण चौथी, तेही अर्धवट. माझा मुलगा जनू आपल्या कार्यालयाचा बांधावरचा रखवालदार होता. तो उधाणात बांधावरच गेला. त्याच्या जागी आपण त्याच्या बायकोला लिपिक म्हणून घेतले. घेताना अट घातली की मुदतीत संगणकावर मराठी टंकलेखन आले पाहिजे, आणि तेही बोटांकडे न बघता. मुदत संपली, आपण चाचणी घेतली, ती नापास झाली, आणि आता महिनाअखेर तिला घरी बसवण्याचे पत्र आले आहे. पत्रात कारण दिले आहे, "उमेदवाराचे लेखन अशुद्ध." त्या कारणाबद्दल माझे म्हणणे पुढीलप्रमाणे.

१. बोटांविषयी कोणी काही बोलू नये. पुतळी हमरापूरची, माहेरी गणपतीचे डोळे आखत वाढलेली. तिचा हात थरथरत नाही. पेणच्या क्लासात मास्तर हातांवर फडकं टाकून टाइप करायला लावत. इतर मुली फडक्याखालून चोरून बघत, ही समोर भिंतीकडे बघायची. वेगही अटीपेक्षा जास्त आला, हे आपले हेडक्लार्क स्वतः मान्य करतात.

२. आमच्या घरी संगणक नाही. मास्तरांनी एक जुना कीबोर्ड दिला होता. भाकऱ्या झाल्या की तो पाटावर ठेवून ती सराव करायची. त्याची वायर कशालाच जोडलेली नसे. शेजारची बायजा दारातून ओरडायची, "गो धोंडू, ती वायर चुलीत तरी खुपस, चहा तरी व्हईल!" मी म्हटलं, "तुझ्या तोंडाला लावते, गावाला वीज पुरंल." असो. पुतळीची मान खाली जाऊ नये म्हणून जुना पेपर मी मोठ्याने वाचायची आणि ती ऐकून टाइप करायची. आता पेपरात "पूल बांधलेला नाही" असं छापलेलं असलं तरी माझ्या तोंडून "पूल बांधलेला नाय" असंच निघतं. "आहे" चं "हाय" होतं. अक्षर मला चष्म्यातून बरोबर दिसतं, पण तोंड कासूचं आहे. तिच्या बोटांनी काय लिहिलं ते दाखवायला पडदाच नव्हता, त्यामुळे ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

३. चाचणीत उतारा छापील होता. पुतळी घरी येऊन रडली आणि म्हणाली, "आये, डोळं कागदावर व्हतं, पन कानात तूच वाचत व्हतीस." मी रोह्याला आले. हेडक्लार्कनी तिने टाइप केलेला कागद टेबलावर पसरून दाखवला. जिथे "हाय" आणि "नाय", तिथे लाल खूण. दुसरी चूक त्यांनाही सापडली नाही. वर म्हणाले, "बाई, हे कार्यालय आहे, मिठागर नाही." मी म्हटलं, "मिठागर असतं तर दुपारपत्तर कायतरी काम झालं असतं." हे बोलणं उद्धट म्हणून त्यांनी आपल्या कानावर घातलं असेल, तर ते खरं धरून चालावे.

४. आता मुद्द्याचे. "नाय" हा शब्द आपल्या कार्यालयास अशुद्ध वाटतो. जनू गेला त्या दिवशी भर दुपारी मी त्याची भाकरी घेऊन बांधावर गेले होते. माझ्यादेखत त्याने आपल्या कार्यालयात फोन केला. म्हणाला, "साहेब, बांध ऱ्हात नाय. मानसं धाडा." पलीकडून "बरं, बरं" आलं. मग त्याने मला दरडावून घरी पिटाळलं. आपली माणसं आली ती ओहोटी लागल्यावर. त्या दिवशी "नाय" म्हणजे काय, असं कोणी विचारलं नव्हतं. तरी लेखी कळवावे की, जनूचा "नाय" अशुद्ध म्हणून बाजूला ठेवला होता काय? तसं असेल तर इतक्या दिवसांनी मला निदान कारण तरी मिळेल. आणि शब्द तेव्हा कळला असेल, तर त्याच शब्दाखाली आज त्याच्या बायकोला लाल खुणा कशासाठी?

५. तरी विनंती अशी की, या चुका सुनेच्या नसून माझ्या तोंडाच्या आहेत, त्या माझ्या नावावर लावाव्यात. मी त्यांना चुका म्हणत नाही, आपण म्हणता. मी आपली नोकर नाही, त्यामुळे मला काढून टाकण्याचा प्रश्न येत नाही. पुतळीला मात्र पुन्हा बसवावे. घरात कमावतं दुसरं कोणी नाही आणि नात सगुणा अजून शाळेत आहे.

६. चाचणी झाल्यापासून पुतळी मला वाचायला सांगत नाही. पेणच्या क्लासात पडद्यासमोर एकटी बसते. हा अर्ज तिथेच मी बोलले आणि तिने हातांवर फडकं टाकून टाइप केला. मी "हाय" म्हटलं की तिची बोटं "आहे" लिहितात, न थांबता, मला न विचारता. माणसांची बोलणी तेवढी मी डोळे वटारले म्हणून जशीच्या तशी राहिली आहेत. म्हणजे ती शिकली आहे, आपण तपासून घ्यावे. काल घरी जेवायला बसताना मी विचारलं, "भात हाय का गो अजून?" ती म्हणाली, "आहे." आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा कोणी तोंडाने बोललं. सगुणा घास हातात धरून आईकडे बघत राहिली. पुतळी आता घरातही आपल्या कार्यालयासारखी बोलते, साहेब. मग तिला कार्यालयात तरी राहू द्या.

नम्र लिहायची पद्धत आहे म्हणून,
आपली नम्र,

धोंडुबाई काळुराम घरत
(सही स्वतःच्या हाताची, अंगठा नाही)

कासू, दि. १८ सप्टेंबर २०१७